रान झाडायचा हुकूम

आंबेशेतचे जहागीरदार तुळाजीराव यांना दोनच गोष्टींचं वेड होतं, जेवणाचं आणि टापटिपीचं. त्यातल्या टापटिपीनं एकदा घोळ केला. व्याही जहागिरीचं रान बघायला येणार म्हणून त्यांनी हुकूम सोडला, "रानातला सगळा पाचोळा झाडून जाळून टाका. जमीन अंगणासारखी दिसली पाहिजे."

शेतीवाडी आणि रान त्यांच्या पत्नी वेणूबाई सांभाळत. हुकूम ऐकून त्या लगेच तुळाजीरावांकडे गेल्या. त्या पाचोळ्यावरच रान पोसलं होतं आणि रानातल्या ओलीवर खालची शेतं भर उन्हाळ्यातही हिरवी राहत. त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. तुळाजीराव म्हणाले, "कचरा तो कचरा."

दुपारी ते जेवायला बसले. फणसाच्या भाजीचा पहिला घास घेतात तोच वेणूबाईंनी समोरचं ताट उचललं.

"अगं, हे काय?"

"व्याही यायचेत. ताटात केवढा पसारा झालाय. भात इकडे, कोशिंबीर तिकडे. आवरून टाकते."

"पण मी जेवतोय."

"झाडंही जेवतच होती," वेणूबाई शांतपणे म्हणाल्या. "पाचोळा हेच त्यांचं ताट. तुम्हाला निदान तक्रार तरी करता येते."

तुळाजीरावांनी दूर चाललेल्या भाजीकडे पाहिलं आणि हुकूम तिथल्या तिथे मागे घेतला. ताट परत आलं.

संध्याकाळी व्याही रानात शिरले. पायाखालचा पाचोळा पाहून म्हणाले, "झाडलोट राहिलेली दिसते."

तुळाजीरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ते म्हणाले, "पंगत बसली आहे."