चार पाळणे, पाच तुकडे

राजा भैरवदेवांचा हुकूम आला, तेव्हा विद्यापीठातल्या चटई-मंडळाची पोरं चिवडा खात होती. हुकूम ऐकला आणि चिवडा चटईभर सांडला!

"येत्या अष्टमीला महाराज तुमच्याकडे गप्पांना येणार!" चोपदार गरजला. "महाराजांचं आसन सगळ्यांहून उंच हवं. पण तुमचा नियमही मोडायचा नाही. नियम मोडणाऱ्यांकडे महाराज पाहुणे म्हणून जात नाहीत! दोन्ही जमलं नाही, तर या खोलीत हत्तींचा कडबा भरला जाईल!"

आता नियम काय, तर अगदी साधा. महिन्यातून एकदा एक पाहुणा बोलवायचा. त्याला आपल्याच चटईवर, आपल्याच बरोबरीनं बसवायचं आणि हळू आवाजात विचारायचं, "तुमची कधी फजिती झाली होती हो?" बढाया बाहेर, जोड्यांपाशी! वैद्यबुवांनी इथंच कबूल केलं होतं, की एकदा म्हशीसाठी केलेला काढा जावयाला पाजला. जावई ठणठणीत बरा झाला, हेच त्यांचं खरं दुखणं! असल्या गप्पांची गोडी अशी पसरली, की नावाड्यापासून न्यायाधीशापर्यंत जो तो आमंत्रणाची वाट बघे.

आणि राजा? आपल्या वर कुणी असलेलं त्याला खपतच नसे. राजवाड्याच्या कौलांवर कावळा बसला, तरी स्वारी शिडी मागवी!

"आपण सगळे खड्ड्यात बसू," एक विद्यार्थी म्हणाला.

"अहो, खड्ड्यातच तर आहात!" दाराशी झाडू थांबला. झाडणारी होती साळू.

साळू मंडळाची खोली झाडायची, पाणी भरायची. तिचा बाप भिवा जत्रेत रहाटपाळणा लावायचा. पाटीपेन्सिल तिला कधी मिळाली नाही. जे शिकली ते उंबरठ्यावर बसून, पाहुण्यांच्या तोंडून. चटई विद्यार्थ्यांची, उंबरठा तिचा! खोलीत कडबा शिरला की तिचं विद्यापीठच बुडालं. तरी तिनं झाडू काही खाली ठेवला नाही. झाडता झाडता तिचं डोकं बरं चालायचं.

"मोरेश्वरदादा," ती मंडळाच्या प्रमुखाला म्हणाली, "चटई मला द्या. कापायची आहे."

"चटई कापणार?"

"महाराज माना कापतील, त्यापेक्षा बरं नाही का?"

मोरेश्वरनं चटई गुंडाळून दिली.

अष्टमीला राजा आला. पुढं तुतारी, मागं छत्रीवाला. अंगणात बघतो तर काय, चार पाळण्यांचा लाकडी रहाटपाळणा! प्रत्येक पाळण्यात चटईचा सारखाच तुकडा.

"हे आसन?" राजाच्या भुवया वर गेल्या.

"बसून तर बघा, महाराज!" साळू म्हणाली.

एका पाळण्यात राजा बसला, बाकीच्या तिन्हींत मोरेश्वर आणि त्याचे दोन सोबती. साळू आणि भिवानं जोर लावला. राजा वर, वर, थेट टोकाला! छत्रीवाला बिचारा खाली टाचा उंचावत राहिला.

"वाहवा! राजवाड्याचा कळससुद्धा दिसतोय!" राजा खूश झाला. "आता मला तसूभरही खाली आणायचं नाही. हुकूम आहे!"

"हुकूम शिरसावंद्य!" साळूनं पाळणा खांबाला करकचून बांधला.

खाली गप्पा सुरू झाल्या, नेहमीसारख्या हळू आवाजात. मोरेश्वर काहीतरी पुटपुटला आणि बाकीचे पोट धरून हसले. राजानं मान वाकवली. पुन्हा हशा! राजानं कान पुढं केला. ऊन तापलं, मुकुट तापला.

"अरे, काय सांगितलंत? मलाही सांगा ना!"

"इथं ओरडून बोलत नाहीत, महाराज," साळूनं तोंडाशी हात धरून सांगितलं.

"मग मला खाली घे!"

"घेते की! पण आपण खाली यायचं, तर समोरच्यानं वर जायला हवं. पाळण्याला दुसरी रीत ठाऊक नाही."

राजानं समोर बघितलं. समोर मोरेश्वर. ओठ चावून झाले, मिशी ओढून झाली.

"घे! फिरव!"

आणि पाळणा फिरला! राजा खाली, मोरेश्वर वर. मोरेश्वर खाली, राजा वर! मुकुट कानावर आला, राजाच्या पोटात गोळा आला आणि गोळ्यामागून हसू आलं. "थांबव! नको, थांबवू नको!" त्या हसण्याच्या भरात तो बोलूनही गेला, "अरे, त्या कावळ्यापायी कौलांवर चढलो ना, तेव्हा उतरायलाच येईना! तीन घटका तिथं बसून होतो. दरबारात सांगितलं, सूर्योपासना चालली होती!"

खुद्द तुतारीवाला हसता हसता खाली बसला!

पाळणा थांबला. राजा उतरला, मुकुट सरळ केला आणि मुकुटाबरोबर चेहराही सरळ झाला.

"अट मोडली! हा मोरेश्वर माझ्याहून उंच बसला होता. आणा रे कडबा!"

साळू पुढं झाली.

"महाराज, आपण सगळ्यांहून उंच बसलात का?"

"बसलो."

"तिथून आपल्याला कुणी उतरवलं?"

"मीच."

"मग उंच आसन आम्ही दिलं, ही आपली अट पुरी. आणि बरोबरीनं बसायचा आमचा नियम? तो तर आपणच पाळलात, तेही स्वतःच्या हुकमानं! आता कडबा कुणाच्या घरी भरायचा?"

राजा असा खदखदून हसला, की मुकुट पडून अंगणभर घरंगळला!

"मंडळाला अभय! आणि तू माग, पोरी, काय हवं ते!"

साळूनं कमरेचा पदर सोडला. आतून निघाला चटईचा आणखी एक तुकडा, बाकीच्यांएवढाच.

"पाळणे चार, मग तुकडे पाच कसे?" राजानं विचारलं.

"पाचवा माझा, महाराज. कापून ठेवला होता. मागायचा तेवढा राहिला होता!"

राजा पुन्हा हसला. त्यानं तिच्या हातून तुकडा घेतला, आपण बसलो होतो त्या पाळण्यात अंथरला, अंगरख्याच्या बाह्या सारल्या आणि चोपदार "महाराज, महाराज!" करत धावेपर्यंत पाळण्याला हातसुद्धा घातला.

"बस, साळूबाई! आजपासून तू मंडळाची. आता तुझी फजिती सांग, पाळणा मी ओढतो!"