अन् ट्राइड

"तिलाच का, बाबा? मला का नाही?"

नागनाथ मास्तर दारातच उभे राहून विचारत होते. पायात चपला तशाच. मी मठाच्या ओसरीवर सुजलेला घोटा धरून बसलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं. कुणाचं ऐकून सांगत नाही.

भिकनगीर बाबांचा मठ ओढ्यापलीकडं. आसपासच्या गावांतली निखळलेली हाडं बाबाच बसवतात. त्या दिवशी सकाळी ओढ्याच्या पायरीवरून बाबांचाच पाय घसरला आणि उजवा खांदा निखळला. बाबांनी निरोप धाडला तो सोजरला.

सोजर धनगराची. सात महिन्यांपूर्वी मठात आली. त्याआधी शेळ्यांचे मोडके पाय बांधायची. नागनाथ मास्तर मात्र नऊ वर्षं येत होते. शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि सुटी झाली की मठात. बाबांचा शब्द न् शब्द लिहून तीन जाड वह्या भरल्या होत्या त्यांनी. बाबांच्या मागं मास्तरच, असं सारं गाव धरून चाललं होतं. मास्तर तर सगळ्यात आधी.

आणि आता बाबा आपला स्वतःचा खांदा सोजरच्या हातात देणार होते.

"ती अजून अनट्राइड आहे, बाबा!"

बाबांचा चेहरा दुखण्यानं काळवंडला होता. तरी त्यांनी मान वर केली.

"काय आहे?"

"अनट्राइड."

"अन् ट्राइड..." बाबा हळूच म्हणाले. "ट्राय माहीत आहे मला. पोरं म्हणतात, ट्राय मारून बघू. म्हणजे आली, शिकली, अन् ट्राय केलं. बरोबर आहे की. मग भांडतोस कशाला?"

मला हसू फुटलं. मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी आपला घोटा चोळायला लागलो.

"तसं नव्हे हो! हे आपलं 'अन्' नाही. इंग्रजीत 'अन' म्हणजे नाही. जिची अजून पारख झाली नाही, ती अनट्राइड."

"असं होय. वाक्यात घालून सांग. पोरांना सांगतोस तसं."

मास्तरांना कुणी वाक्यात घालून सांग म्हटलं की झालं. त्यांनी चपला काढल्या, आत आले, बसले.

"नवा दोर आणला. अजून विहिरीत सोडला नाही. तो दोर अनट्राइड."

"आणखी?"

"गोऱ्हा घेतला, औताला अजून जुंपला नाही. गोऱ्हा अनट्राइड."

"आणखी?"

"नवी सून आली. तिच्या हातची आमटी अजून कुणी चाखली नाही. ती आमटी अनट्राइड."

"चाखल्यावर?"

"चाखल्यावर ट्राइड."

"सुनेपेक्षा आमटीचं बरं आहे," बाबा म्हणाले. "आणखी?"

"आणखी काय! जिनं जन्मभर शेळ्यांच्या तंगड्या ओढल्या, तिच्यापुढं आपण आपला खांदा करतो!" मास्तरांचा आवाज चढला. "सोजर अनट्राइड. संपलं."

मला राहवलं नाही. "माझ्या चुलत्याचं कोपर तिनंच बसवलं की, मास्तर. परवा तो कडब्याची पेंढी उचलत होता."

"तुम्ही मध्ये बोलू नका हो!"

मग मास्तर एकदम खाली बघायला लागले. जमिनीशीच बोलल्यासारखं म्हणाले,

"नाही सहन होत, बाबा. तुम्ही सोजर म्हणून हाक मारता ना, माझ्या पोटात आग पडते. परवा तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात, मी घरी जाऊन जेवलो नाही. बायको विचारत होती काय झालं. काय सांगू तिला? नऊ वर्षं आलो मी. ऊन बघितलं नाही, पाऊस बघितला नाही. आणि ही कोण कुठली..."

"एक वाक्य मी करू?" बाबांनी विचारलं.

"करा की."

"नागनाथ मास्तरच्या तीन वह्या अनट्राइड."

"चुकलं का व्याकरणात?" बाबांनीच विचारलं.

मास्तर म्हणाले, "नाही. बरोबर आहे."

"किती वेळा म्हटलं तुला, हात लाव. तू म्हणायचास, थांबा बाबा, आधी लिहून घेतो."

तेवढ्यात अंगणात सोजर आली. धावत आली असणार. धाप लागली होती, पदर खांद्यावरून घसरला होता. ओसरीच्या कडेला हात टेकूनच तिनं विचारलं, "लई दुखतंय का, बाबा?"

"दुखतंय. पण तू तिथंच थांब. आज मास्तर बसवतोय."

मास्तरांचा चेहरा असा काही उजळला, काय सांगू! मग लगेच पांढराफटक पडला.

"मी?"

"तू. धर."

मास्तरांनी हात धोतराला पुसले. पुढं सरकले. बाबांचं मनगट धरलं आणि वहीतलं पुटपुटायला लागले, "कोपर दुमडायचं... सावकाश बाहेर वळवायचं... ओढायचं नाही... ओढायचं नाही..." कपाळावरून घाम नाकावर आला तरी पुसायला हात मोकळा नव्हता.

बाबांनी दात आवळले.

मी श्वास रोखून बसलो. सोजरच्या मुठी वळलेल्या. बाबांचा हात इंचाइंचानं वळत होता, आणि मास्तरांची नजर मात्र दर वळणाला अंगणाकडं जाऊन येत होती.

टक्!

बसला. देवाशप्पथ, बसला!

मास्तर ताडकन उठले आणि अंगणाकडं वळले. "बघितलंस? बघितलंस ना, सोजर?"

सोजरचं त्यांच्याकडं लक्षच नव्हतं. टक् होताच ती आत धावून बाबांजवळ बसली होती. तिनं त्यांच्या ओठांना पाण्याचा तांब्या लावला होता आणि पदरानं त्यांची मान पुसत होती.

बाबा दोन घोट प्यायले. डोळे मिटले. मग उघडले आणि मास्तरांकडं वळले.

"मास्तर," ते म्हणाले, "खांदा माझा निखळला होता ना?"