कुंभारणीचं मडकं आणि पन्हळीतला बोळा

मांडी घाला, कान उघडा. हाताची घडी नको, बोटं लागणार आहेत!

एक होती कुंभारीण. बाई नव्हे हं, इवलीशी माशी! कंबर बारीक, दोऱ्याएवढी. तोंडात माती आणायची. भिंतीवर मडकं घडवायचं. चाक नाही, भट्टी नाही. नुसती घूं घूं घूं!

बुधाजीमामाचं घर होतं मातीचं. वर लाल कौलं. त्याच्या भिंतीवर कुंभारणीची तीन मडकी. दोन रिकामी. तिसऱ्यात तिचं बाळ, गाढ झोपलेलं.

पाऊस आला धो धो. कौलांवरून पाणी आलं. ते आलं थेट भिंतीवर!

पच्च! एक मडकं गेलं.

पच्च! दुसरं गेलं.

उरलं एक. बाळाचं!

“अगं बाई गं!” कुंभारीण ओरडली. पाणी बाळाच्या मडक्यापासून किती लांब? पाच बोटं. फक्त पाच! दाखवा बघू पाच बोटं.

कौलांच्या कडेला होती पन्हळ. पोफळीचं लांब खोड, मधोमध कोरलेलं. कौलांवरचं पाणी झेलायचं, लांब माडाच्या बुंध्याशी नेऊन फेकायचं. एवढंच तिचं काम. पण आज ती काम करीना!

कुंभारीण गेली, घूं घूं घूं.

“पन्हळताई, पन्हळताई, पाणी लांब फेक! माझं मडकं भिजतंय, बाळ आत निजलंय!”

“गुळ्ळ गुळ्ळ! नाही फेकत, जा! माझ्या घशात बोळा. शिडी येईल, बोळा निघेल, तरच फेकीन!”

पाणी उरलं चार बोटं.

कुंभारीण गेली शिडीकडे, घूं घूं घूं. शिडी गोठ्याला टेकून पेंगत होती.

“शिडीबाई, शिडीबाई, पन्हळीकडे चल! माझं मडकं भिजतंय, बाळ आत निजलंय. पन्हळ पाणी फेकेना!”

“कर्र कर्र! नाही चालत, जा! माझे पाय लाकडाचे. मामा उचलेल, तरच येईन!”

पाणी उरलं तीन बोटं.

कुंभारीण गेली मामाकडे, घूं घूं घूं. बुधाजीमामा ओटीवर बसला होता. एका पायात निळी चप्पल. दुसरा पाय उघडा.

“मामा, मामा, शिडी उचल! माझं मडकं भिजतंय, बाळ आत निजलंय. पन्हळ पाणी फेकेना, शिडी जागची हलेना!”

“छ्या छ्या! नाही उठत, जा! बाहेर चिखल पचाक पचाक. माझी एक चप्पल हरवली. टिप्या हुंगून शोधेल, तरच उठेन!”

पाणी उरलं दोन बोटं.

कुंभारीण गेली टिप्याकडे, घूं घूं घूं. टिप्या म्हणजे मामाचा कुत्रा. ओल्या भिंतीशी अंगाची गुंडाळी करून पडला होता.

“टिप्या, टिप्या, चप्पल हुंग! माझं मडकं भिजतंय, बाळ आत निजलंय. पन्हळ पाणी फेकेना, शिडी जागची हलेना, मामा बूड उचलेना!”

“आक्छी! नाही हुंगत, जा! भिंत गार, मला सर्दी. नाक बंद! चूल पेटेल, ऊब मिळेल, तरच हुंगीन! आक्छी!”

पाणी उरलं एक बोट. एकच!

कुंभारीण गेली चुलीकडे, घूं घूं घूं. मामी चुलीपुढे बसली होती. फू फू फू! जाळ नाही, नुसता धूर.

“चूलबाई, चूलबाई, पेट गं पेट! माझं मडकं भिजतंय, बाळ आत निजलंय. पन्हळ पाणी फेकेना, शिडी जागची हलेना, मामा बूड उचलेना, टिप्या नाक चालवेना!”

“फुस्स फुस्स! नाही पेटत, जा! माझी लाकडं भिंतीला टेकलेली. भिंतीवर पाणी, लाकडं ओली. पन्हळ पाणी लांब फेकेल, तरच पेटेन!”

“कोण फेकेल?”

“पन्हळ!”

आता आली का पंचाईत! पन्हळीला हवी शिडी. शिडीला हवा मामा. मामाला हवा टिप्या. टिप्याला हवी चूल. चुलीला हवी पन्हळ! पन्हळीला हवी शिडी, शिडीला हवा मामा...

कुंभारीण विचार करत फिरली. गरगर, गरगर, गरागरा! तिला आली भोवळ. धप्पकन पडली. कुठे पडली? पन्हळीत पडली! फणसाच्या ओल्या पानांवर, बरोब्बर बोळ्यावर.

पानाखाली काय होतं? निळा निळा पट्टा!

“अगं बाई, ही तर मामाची चप्पल!”

भुर्रकन आली मामाकडे. “मामा, मामा, तुझी चप्पल पन्हळीत!”

मामाने डोकं खाजवलं. “हां! कौलांवर वानर नाचत होतं. मीच त्याला फेकून मारली. वानर पळालं, चप्पलही गेली. आण बरं खाली!”

“मी आणू? अरे, तिचा पट्टा माझ्याहून जाड!”

“मग मी नाही उठत, जा!”

आता मात्र कुंभारीण खवळली. मामाच्या नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसली.

“मामा, ही माझी नांगी बघितलीस? मोजते हं. एक... दोन...”

मामा उठला! ताडकन उठला! एका पायात चप्पल, दुसरा पाय वर. मामा लंगडी घालत निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

मामी हसून हसून लोटपोट. “आठ दिवस सांगतेय, अहो, पन्हळ साफ करा! माझं नाही ऐकलं. माशीचं बरं ऐकलंत!”

मग काय!

मामाने शिडी उचलली, कर्र कर्र!

शिडी पन्हळीला टेकली.

मामाने पानं काढली. बोळा ओढला. हूं... हूं... हूं... फट्! चप्पल निघाली!

पन्हळ खाकरली, “आ... हा... हा! मोकळा झाला गं घसा!” आणि पाणी निघालं, घळघळ घळघळ! भिंतीवर नाही हं. लांब, माडाच्या बुंध्याशी!

आणि मडकं? एका बोटावर पाणी थांबलं होतं. मडकं कोरडं! बाळ झोपलेलं!

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. लाकडं सुकली. चूल पेटली, धगधग धगधग. टिप्याला ऊब मिळाली. आक्छी! नाक उघडलं. टिप्या उठला, हुंगत हुंगत निघाला. अंगणभर हुंगलं, ओटीवर हुंगलं आणि मोठ्याने ओरडला, “सापडली, सापडली! मामा, चप्पल तुझ्याच पायात!”

मामी परत लोटपोट.

पण मामा हसला नाही. तो भिंतीपुढे उभा होता. पाणी पडून पडून भिंतीची माती गेली होती. एवढं मोठं भगदाड! मामाचा हात आत जात होता.

“बापरे!” मामा म्हणाला. “माशीचं घर मातीचं. आपलंही मातीचंच की गं! आणखी आठ दिवस गेले असते, तर आपलं घरसुद्धा पच्च!”

मामाने माती कालवली. मामीने भगदाड लिंपलं, थाप थाप, थाप थाप. आणि मऊ मऊ मातीचा एक गोळा वळचणीला ठेवला.

“घे गं कुंभारणी! दोन मडकी गेली ना तुझी? दोन्ही नवी कर.”

घूं घूं घूं! कुंभारीण कामाला लागली. एक मडकं केलं. दुसरं केलं. तेवढ्यात तिसऱ्या मडक्यातून आवाज आला.

टुक टुक. टुक टुक.

मडक्याला भोक पडलं. इवलंसं डोकं बाहेर आलं. बाळाने भिंत बघितली, पन्हळ बघितली, चपला घातलेला मामा बघितला. आणि म्हणालं, “घूं?”

आमची गोष्ट पन्हळीतून घळघळ घळघळ आली, माडाच्या बुंध्याशी जाऊन जिरली. घर राहिलं कोरडं!