विसूची मान आणि फुकटचा कॅमेरा

एका गावात एक भोळा विसू होता. तसा प्रत्येक गावात एक असतो, पण हिंगणवाडीच्या विसूला जे सांगावं ते तो करायचा. हीच अडचण होती.

त्याची आई गोदाक्का सोळा सोमवारांचं व्रत करत होती. मागणं एकच होतं. विसूचं लग्न व्हावं आणि उद्यापनाला सून हाताशी असावी.

विसूला कॉम्प्युटरवर बस चालवायच्या खेळाचं वेड. एकदा त्याचा आतेभाऊ शेखर आला आणि म्हणाला, "विस्या, आता मान वळवली की खेळातला ड्रायव्हरही मान वळवेल. लोक त्यासाठी महागडी यंत्रं घेतात. आपण हा माझा जुना साधा कॅमेरा लावू. सगळं फुकट. समोर बस आणि कॅमेऱ्याला डोकं दाखव."

विसूने खाली वाकून टाळू दाखवली.

"अरे, असं नाही! चेहरा समोर धर. डोकं म्हटलं की चेहरा."

विसूच्या मनात ते पक्कं बसलं.

सोमवारी गोदाक्का त्याला महादेवाच्या देवळात घेऊन गेली. "पिंडीवर डोकं टेकव, बाळा," ती म्हणाली. विसूने चेहरा टेकवला. उठला तेव्हा नाकाला दही होतं आणि ओठाला बेलाचं पान.

"अरे कर्मा!" गोदाक्काने पदराने त्याचं तोंड पुसलं. "ज्याची आपल्यावर नजर असते ना, त्याच्यापुढे मान खाली घालावी."

विसूच्या मनात ते पक्कं बसलं.

घरी येऊन तो खेळायला बसला. कॅमेऱ्याची नजर त्याच्यावरच होती. विसूने मान खाली घातली. खेळातल्या ड्रायव्हरनेही घातली. बस प्रवाशांसकट नदीत गेली.

"काय करतोयस?" शेखर ओरडला.

"नमस्कार."

"कॅमेऱ्याला कसला नमस्कार! मान ताठ ठेव. वळवायची ती जराशीच, आणि डोळे समोरच ठेवायचे. तू एवढीशी वळवलीस की खेळात पार मागचंसुद्धा दिसतं."

विसूच्या मनात ते पक्कं बसलं.

पुढच्या सोमवारी तो आईला सायकलवर मागे बसवून देवळातून परत येत होता. गोदाक्काच्या मांडीवर प्रसादाच्या चुरम्याचा डबा होता. वळणावर ती म्हणाली, "मागून काही येतंय का बघ रे."

विसूने मान जराशी वळवली. डोळे समोरच.

"दिसलं का काही?"

"अजून नाही. दिसेल आता."

मागून टेम्पोचा हॉर्न आला. विसू दचकला. सायकल, माय-लेक आणि चुरमा असे सगळे उकिरड्यात गेले.

गोदाक्काने केसातला पाचोळा काढला. महादेवाची तक्रार करणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "पोरा, मागचं बघायचं असेल तर अख्खं अंग वळवून नीट बघावं."

विसूच्या मनात ते पक्कं बसलं.

आणि व्रत फळाला आलं. रेवती नावाच्या मुलीचं स्थळ आलं. तिचे वडील आबासाहेब पाय प्लास्टरमध्ये घालून बसले होते, म्हणून बघण्याचा कार्यक्रम कॅमेऱ्यावरच करायचं ठरलं. गोदाक्काने कॅमेऱ्यालाही हळदीकुंकू लावलं, फक्त काच सोडून.

पडद्यावर आबासाहेब दिसले. शेजारी रेवती.

"मागे भिंतीवर फोटो कुणाचा आहे, जावईबापू?" आबासाहेबांनी बोलायला म्हणून विचारलं.

विसू खुर्चीसकट वळला. नीट बघून म्हणाला, "आजोबांचा."

परत वळ असं कुणी म्हणालं नाही. म्हणून तो वळला नाही.

"शिक्षण?"

"बारावी," विसूने भिंतीला सांगितलं.

"मुलीला काही विचारायचंय?"

"जेवलात का?" विसूने आजोबांच्या फोटोला विचारलं.

गोदाक्काने डोळे मिटले आणि शंकराचा जप सुरू केला. आता हे स्थळ गेलंच, असं तिला वाटलं. पण पलीकडे रेवती हसत होती. "आबा, आजवरच्या सगळ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं," ती म्हणाली. "जेवलीस का, असं एकानेही विचारलं नाही. मला पसंत आहे."

कॅमेरा बंद केल्यावर शेखरने विसूला खुर्चीसकट सरळ केलं. "वाचलास! आता लग्नात तरी नीट वाग. जे समोर असेल त्यावरून नजर ढळू द्यायची नाही. काहीही होवो!"

विसूच्या मनात ते पक्कं बसलं.

लग्नाचा मुहूर्त आला. विसू हातात हार घेऊन पाटावर उभा राहिला. समोर अंतरपाट. त्याचं एक टोक गुरुजींनी धरलं होतं, दुसरं रेवतीच्या मामांनी. मामा चांगले धिप्पाड होते, मिशाही तशाच. विसूने अंतरपाटावर नजर रोखली. मंगलाष्टकं संपेपर्यंत पापणी हलली नाही. बायका म्हणाल्या, "किती हो एकाग्र!"

"शुभमंगल सावधान!" अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. अंतरपाट बाजूला झाला.

विसूची नजरही त्याच्याबरोबर बाजूला झाली.

मामांनी अंतरपाटाची घडी घातली आणि खांद्यावर टाकली. विसूची नजर खांद्यावर गेली.

"घाल, घाल, हार घाल!" मांडव ओरडला.

विसूने सांगितलं तसं केलं. हार मामांच्या मिशांवरून घरंगळत गळ्यात पडला.

वाजंत्री थांबली. गोदाक्काने हात जोडले. "महादेवा," ती म्हणाली, "मी सून मागितली होती रे."

रेवतीला हसू आवरेना. हसता हसताच तिने मामांच्या खांद्यावरचा अंतरपाट ओढून घेतला आणि आपल्या शालूवर टाकला. विसूची नजर मुकाट तिच्यावर आली.

"दुसरा हार आणा कुणीतरी," ती म्हणाली. "लवकर."

उद्यापनाला गोदाक्काच्या हाताशी सून होती. पूजेला नवऱ्याला बोलवायचं होतं, म्हणून खांद्यावर अंतरपाट घेऊन आली होती.