घंटा न वाजवणारी कुंभारीण

फार फार वर्षांपूर्वी, घड्याळं यायच्या कितीतरी आधी, एका राज्यात वेळ पाण्यावर मोजत. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळात तरंगत ठेवायची; ती बुडाली की एक घटका भरली. न्यायसभेत तिसरी वाटी बुडायच्या आत येऊन जो दारातली घंटा वाजवेल, त्याचंच म्हणणं ऐकत. उशीर झाला? मग चला, घरी जा!

त्या राज्यातल्या एका कुंभारणीच्या मातीच्या खाणीवर शेजारच्या जमीनदाराने हक्क सांगितला. ठरल्या दिवशी तिने उत्तर दिलं नाही, तर खाण त्याची. खाण गेली की चाक थांबणार, घरची चूल विझणार. वकील करायची तिची ऐपत कुठली! बिचारी एकटीच निघाली, भल्या सकाळी न्यायसभेच्या दारात पोचली आणि तिथेच उभी राहिली.

तिसरी वाटी बुडाल्याची हाळी आतून आली, तेव्हा ती घाबरून आत धावली.

"वेळ संपली," जमीनदाराचा वकील म्हणाला. "खाण आमची."

कुंभारणीच्या तोंडचं पाणी पळालं. "महाराज, मी सकाळपासून दारातच आहे हो!"

"मग घंटा का नाही वाजवलीस?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आमच्यात कुणी 'या' म्हटल्याशिवाय थोरामोठ्यांच्या दारात आवाज करत नाहीत. मी बोलावण्याची वाट बघत होते."

सभेत कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसणाऱ्याचा मला अजून राग येतो.

दारावरचा पहारेकरी खाली मान घालून म्हणाला, "खरं आहे, महाराज. मी पाहिलं हिला. हिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही."

वकील ओरडला, "आज हिला सोडलंत, तर उद्या जो तो उशिरा येईल!" तेही काही खोटं नव्हतं.

"उशीर माफ," शेवटी न्यायाधीश म्हणाले. "पुरावा मात्र माफ नाही. उद्या पहिली वाटी बुडायच्या आत साक्षीदार घेऊन ये. आता रीत तुला कळली. उद्या चुकलीस, तर खाण गेली. आणि वकीलसाहेब, तुम्हालाही हीच वेळ."

दुसऱ्या दिवशी कुंभारणीने घंटा अशी बडवली की छपरावरची कबुतरं उडाली. तिच्यामागे गावातले तीन म्हातारे उभे होते. "हिचा सासरा त्याच खाणीतली माती काढायचा, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय," ते म्हणाले.

हिला कोण साक्षीदार मिळणार, अशा तोऱ्यात वकील पालखीतून डुलत आला. तोवर वाटी तळाला गेली होती.

"महाराज, आमचाही उशीर माफ करा..."

"तिला रीत ठाऊक नव्हती," न्यायाधीश म्हणाले. "तुम्हाला पाठ होती."

खाण कुंभारणीचीच राहिली.

म्हणून सांगतो, लहानथोर हो: ज्याला नियम कुणी सांगितलाच नाही त्याला एक संधी द्यावी, आणि ज्याला तो पाठ आहे त्याला पळवाट देऊ नये.