चौथी कड

“ते सगळं कळलं. पण हा माणूस कोण?” शलमोन मास्तरांनी पुन्हा विचारलं.

“सांगितलं ना मास्तर. सर टोबायस हॅलवर्थ. न्यायाधीश. लंडनला १८२३ साली छापलेलं एन्ग्रेव्हिंग आहे, तांब्याच्या पत्र्यावर ठिपके कोरून केलेलं. झग्याच्या घड्या बघा किती स्वच्छ उतरल्यात. पत्रा झिजायच्या आधीचा ठसा आहे हा.”

“कसला होता?”

“कोण?”

“हा न्यायाधीश. न्याय देणारा होता, की नुसता खुर्चीवर बसणारा?”

हेरंब हसला. “ते मला काय ठाऊक? माझ्याकडे अशी सहाशे चित्रं आहेत. गव्हर्नर, सेनापती, डॉक्टर, नट्या... प्रत्येकाचं चरित्र कोण वाचत बसणार?”



शलमोन भिंगारदिवे मिशनच्या छापखान्यात लहानाचे मोठे झाले. छापखाना बंद पडला, तेव्हा त्यांनी जुने कागद दुरुस्त करायचं काम धरलं. फाटलेला कागद असा सांधायचे, की सांधा बोटाला लागत नसे. आता ते ऐंशीच्या घरात होते. हेरंब धारणगावकर त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकला होता. जुन्या इंग्रजी व्यक्तिचित्रांचा संग्राहक म्हणून आता त्याचं नाव मुंबईपर्यंत पोचलं होतं. शनिवारी तिथं त्याचं प्रदर्शन उघडणार होतं. बारा न्यायाधीशांचा पूर्ण संच हा त्याचा मानबिंदू होता, आणि हा बारावा मिळवायला त्याला नऊ वर्षं लागली होती.

“काय करून हवंय?” मास्तरांनी विचारलं.

“ही डावी कड. बाकीच्या तिन्ही कडा पिवळ्या पडल्यात, ही पांढरी दिसते. चौथीलाही तसाच रंग चढवून द्या. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.”

मास्तरांची नजर आता अधू झालीय, असा हेरंबचा समज होता. म्हणूनच तो आला होता.

मास्तर उठले. चित्र दोन्ही तळव्यांवर घेऊन खिडकीपाशी गेले. दुपारचं ऊन कागदातून आरपार आलं. न्यायाधीशाच्या कोपराखाली, अंड्याएवढ्या जागेत, ते जरा जास्तच आलं.

“इथं शिक्का होता.”

“असेल... कुणा जुन्या मालकाचा.”

“चांगला खरवडलाय. कागद कुठंही भोकावला नाही.”

हेरंब पुठ्ठ्याची फीत बोटाला गुंडाळत राहिला.

“असं खरवडायला तुला कुणी शिकवलं?”

“... तुम्हीच.”

मास्तरांनी चित्र टेबलावर ठेवलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. या सगळ्याला बराच वेळ लागला.

“परवा निमोणकरबाई येऊन गेल्या,” ते म्हणाले.

हेरंबने मान वर केली. निमोणकरबाई म्हणजे गावच्या जुन्या वाचनालयाच्या ग्रंथपाल.

“मोजणीत एका पुस्तकातलं चित्राचं पान कापलेलं निघालं. बाई दोन महिन्यांनी निवृत्त होतायत. आज चार वाजता समितीपुढं जबाब द्यायचाय त्यांना. मला म्हणाल्या, मास्तर, त्या कपाटाची किल्ली मी वर्षभरात दोघांनाच दिली. एकदा तुम्हाला, एकदा तुमच्या हेरंबला. तुमचं नाव सांगून आला, म्हणून रजिस्टरवर सहीसुद्धा घेतली नाही.”

“मग... माझं नाव घेतलं त्यांनी?”

“नाही. म्हणाल्या, त्याच्यावर संशय घ्यायची मला लाज वाटते.”

रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. 

मग हेरंब बोलायला लागला आणि थांबेना.

“मास्तर, ते पुस्तक सडत होतं! निम्म्या पानांना कसर लागलीय. चाळीस वर्षांत कुणी उघडलेलं नाही. मी उघडलं. मी ओळखलं. तिथं राहिलं असतं तर दोन पावसाळ्यांत त्याचा भुगा झाला असता. मी वाचवलंय त्याला!”

“कुणापासून?”

“कसरीपासून.”

“कसरीनं शिक्का खरवडला नसता.”

हेरंबचा चेहरा लाल झाला. “शनिवारपर्यंत थांबा. एवढंच मागतो. प्रदर्शन होऊ दे. मग मी गुपचूप नेऊन ठेवतो पुस्तकात. कुणाला कळणार नाही.”

“आणि आज चार वाजता?”

“बाई सांगतील काहीतरी. त्यांचं वय झालंय. फार तर दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील.”

मास्तरांनी खुंटीवरचा कोट काढला. चित्र पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं, फीत बांधली आणि काखेत घ्यायला उचललं.

हेरंबने दुसरं टोक धरलं.

“मास्तर, सोडा.”

पुठ्ठा दोघांच्या मध्ये ताणला गेला. दोघंही कागदातले जाणकार. अजून थोडा जोर लागला तर आत काय होईल, हे दोघांनाही नेमकं ठाऊक होतं.

मास्तरांनी हात सोडला.

“घे. तुझ्यापाशीच राहू दे.”

आणि ते रिकाम्या हातानं बाहेर पडले.

हेरंब क्षणभर तिथंच उभा राहिला. त्याचं घर डाव्या हाताला, दहा मिनिटांवर. मास्तर उजवीकडे निघाले होते, वाचनालयाच्या दिशेनं. मागं वळून पाहत नव्हते. पाऊल सावकाश पडत होतं.

हेरंबला वाटलं, ते सांगून टाकणार. आपलं नाव आता समितीपुढं जाणार.

तो त्यांच्या मागं निघाला. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. पुठ्ठा त्यानं छातीशी धरला होता.

वाचनालयाच्या आतल्या खोलीत तिघं बसले होते. मधले अध्यक्ष, गावातले वकील दाभोळकर. समोर निमोणकरबाई उभ्या होत्या. कुणी त्यांना बसायला सांगितलेलं दिसत नव्हतं. टेबलावर ते पुस्तक उघडं होतं.

हेरंब दाराबाहेर थांबला.

“त्यांना काही विचारू नका,” आतून मास्तरांचा आवाज आला. “पान मी कापलं.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“मास्तर, काय बोलताय?” निमोणकरबाई म्हणाल्या.

“तुम्ही?” वकील म्हणाले. “चाळीस वर्षं या वाचनालयाची पुस्तकं तुम्ही बांधलीत.”

“हो.”

“मग चित्र कुठंय?”

“माझ्यापाशी नाही.”

“विकलंत?”

“नाही.”

“मग कुणाला दिलंत?”

...

“मास्तर, हे असं चालणार नाही. पोलिसांत द्यावं लागेल. या वयात तुम्हाला चौकीवर नेलेलं चांगलं दिसेल का?”

“नाही दिसणार.”

“मग सांगा, चित्र कुणापाशी आहे?”

...

हेरंब ऐकत होता. त्या आवाजात राग नव्हता, आर्जव नव्हतं. आपलं नाव आता येईल, मग येईल, म्हणून तो वाट पाहत राहिला. ते आलं नाही. येणारच नव्हतं. वळून निघून गेलं तर शनिवारी भिंतीवर बारा न्यायाधीश लागणार होते, आणि जगात कुणीही, कधीही, काहीही विचारणार नव्हतं.

त्याच्या तळहातांना घाम सुटला. पुठ्ठ्यावर बोटांचे डाग उमटले. एरवी असा डाग पाडणाऱ्याला त्यानं दारातही उभं केलं नसतं.

“लिहून घ्या,” वकील शेजारी बसलेल्या कारकुनाला म्हणाले. “शलमोन भिंगारदिवे, वय वर्षं...”

“थांबा.”

हेरंब आत आला. टेबलापाशी जाऊन त्यानं फीत सोडली. ती लवकर सुटेना. शेवटी चित्र बाहेर आलं. त्यानं ते उघड्या पुस्तकात ठेवलं आणि पांढरी कड शिवणीपाशी उरलेल्या पट्टीला लावली. केसाचाही फरक राहिला नाही.

“मी कापलं,” तो म्हणाला. “दाढीच्या पात्यानं. शिक्काही मीच खरवडला. बाईंना काही माहीत नव्हतं. मास्तरांना तर आज दुपारपर्यंत...” 

निमोणकरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या पुस्तकाकडे पाहत राहिल्या. मग हळूच खुर्ची ओढून बसल्या.

बोलणं फार झालं नाही. वकिलांनी हेरंबचा जबाब लिहून घेतला. बाईंवरचा ठपका खोडला. वाचनालयाचं दार हेरंबला कायमचं बंद झालं. आणि घडलेला प्रकार मुंबईला प्रदर्शनवाल्यांना आजच कळवायचा, असं ठरलं. शनिवारचं आता काही खरं नव्हतं. हेरंबनं सगळं ऐकलं आणि मागितली तिथं सही केली.

सगळे उठले. दारापाशी निमोणकरबाईंनी मास्तरांना अडवलं. 

“मास्तर, उभ्या आयुष्यात मी तुमच्या तोंडून कधी खोटं ऐकलं नव्हतं. आज का बोललात?”

मास्तर कोटाची बटणं लावत होते. शेवटचं बटण लागेपर्यंत ते थांबले.

“खोटं नव्हतं, बाई. तो हात मीच घडवलेला. ते मला त्याच्याआधी आठवलं, एवढंच.”