अर्ध्या दोरांचे गाव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या डोंगरावर ती घडली त्याचे नावही आता कुणाला सांगता येणार नाही.

त्या डोंगरावरच्या एका लहानशा गावात दोर वळणारा एक तरुण राहायला आला. खाली नदीकाठी तो आणि त्याचा थोरला भाऊ मिळून दोर वळायचे. एकाने टोक धरायचे, दुसऱ्याने पीळ द्यायचा. मग तापाची साथ आली आणि चार दिवसांत भाऊ गेला. तेराव्याच्या दुसऱ्या सकाळी तरुणाने दोरासाठीची उरलेली अंबाडी पाठीवर टाकली आणि घराला कडीही न लावता तो निघाला. ज्या अंगणात भावाची हाक येणार नाही, तिथे राहायचेच कशाला?

डोंगरावरच्या लोकांनी त्याला एक रिकामे घर दिले. मागे परतायचे नाही, हे त्याने ठरवले होते. आणखी पुढे जायचे बळ नव्हते. आता हेच गाव आपले झाले पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. त्यासाठी त्याने मनाशी एक नियम केला. कुणाला त्रास द्यायचा नाही, कुणाकडे काही मागायचे नाही.

दुसऱ्या दिवशी तो पाण्याला गेला. गावात एकच आड होता, पन्नास हात खोल. पण जो तो येई, त्याच्या खांद्यावर तीस हातांचाच दोर. दोघे दोघे मिळून दोराला दोर बांधत, पोहरा सोडत, एकमेकांच्या घागरी भरत. तरुणाला हसू आले. या बिचाऱ्यांना पुरेसा दोर कुणी वळूनच दिलेला नाही, असे त्याला वाटले.

एका धिप्पाड गुराख्याने त्याला हाक मारली. “नवा दिसतोस. दोर आणलास का? चल, माझ्या दोराला बांध.”

“नको दादा. माझं मी बघतो.”

“बघ बाबा,” म्हणून गुराखी आपल्या कामाला लागला.

तरुणाने दोराचे टोक बाभळीला बांधले आणि एकट्याने पीळ देत चार दिवसांत साठ हातांचा दोर वळला. मग तो कुणाच्याही आधी आडावर जाई आणि पाणी घेऊन परत येई. महिना झाला, तरी कुणी त्याच्याशी दोन शब्द बोलले नाही. दोर चांगला म्हणून जळतात, असे त्याला वाटले. लगेच तो कामाला बसला आणि त्याने घरोघरी एकेक लांब दोर वाटला. लोकांनी तो हसून घेतला. कुणी त्यावर धोतरे वाळत घातली, कुणी म्हैस बांधली. आडावर मात्र पुन्हा तेच अर्धे दोर.

तरुण चिडला. त्याच रागात तो पावसात भिजला आणि तापाने आडवा झाला.

एक दिवस गेला, दोन गेले. घागर कोरडी पडली. तिसऱ्या दिवशी गावातली सर्वांत म्हातारी बाई त्याने दिलेला दोर परत करायला आली, तेव्हा तो तिला अंथरुणात दिसला. तिने घरून पाणी आणून त्याला पाजले. दोन घोट पोटात जाताच तो उसळला.

“आजी, तीन दिवस मी इथं पडलोय. जगलो की मेलो, बघायला कुणी आलं नाही. हेच का तुमचं गाव?”

“कोण येणार?” म्हातारी शांतपणे म्हणाली. “माझा जोडीदार आडावर आला नाही, तर मला पाणी मिळत नाही. मग मी त्याच्या दारात जाऊन ओरडते. तो आजारी असो की आळशी, लगेच कळतं. तुझ्यावाचून कुणाचं अडलंय?”

तरुणाने खुंटीवरच्या आपल्या लांब दोराकडे पाहिले.

“माझ्या आजोबांच्या वेळी सगळ्यांकडे लांब दोर होते. एक म्हातारा घरात मरून पडला, ते पाचव्या दिवशी कळलं. तेव्हा गावानं आपापले दोर मधोमध कापले.”

“मग मला आधी का नाही सांगितलंत?”

“आडावर पहिल्यांदा आलास, तेव्हाच गुराख्यानं तुला म्हटलं होतं की, बांध म्हणून. तू नको म्हणालास. नको म्हणणाऱ्याच्या गळ्यात कोण पडेल?”

तरुण तसाच उठला. कोपऱ्यातला विळा घेतला आणि आपला साठ हातांचा दोर त्याने मधोमध कापला.

“अरे, आधी बरा तर हो,” म्हातारी म्हणाली.

चार दिवसांनी तो अर्धा दोर घेऊन आडावर गेला आणि गुराख्यासमोर उभा राहिला. “दादा, मला पाणी हवंय. तुमच्या दोराला बांधू का?”

“गाठ मारता येते का?”

“दोर वळणाऱ्याला विचारताय?”

“वळता येतो म्हणून बांधता येतो असं नाही.”

आणि खरोखरच ओल्या दोरावरची त्याची गाठ सुटली. पोहरा धाडकन आडात गेला. सगळे खो खो हसले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच तोही हसला. गळ टाकून पोहरा काढण्यात दोघांची दुपार गेली. त्या दुपारी त्याने आपल्या भावाबद्दल सगळे सांगितले. गुराखी गळ हलवत ऐकत राहिला.

तेव्हापासून ते दोघे आडावरचे जोडीदार झाले. पुढे एका सकाळी तरुणाला भावाची फार आठवण आली. ऊन अंगणात आले तरी तो उठला नाही. तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

“अरे ए, माझ्या म्हशी तहानल्यात. उठतोस की दार मोडू?”

“आलो, आलो. गाव गोळा करू नका,” म्हणत त्याने डोळे पुसले, दोर खांद्यावर टाकला आणि तो बाहेर पडला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्या दिवशी आपल्यावाचून कुणाचे आणि कुणावाचून आपले अडू लागते, त्याच दिवशी नवे गाव आपले होते.